मोहनरावांच्या बैठकीतली जाळी

११ जून

चिंचदऱ्याचे मोहनराव आज स्वतः केजला ऑफिसात आले. एवढा मोठा माणूस जिना चढून आला म्हणजे काम मोठं असणार, हे तेव्हाच ओळखलं. गावाबाहेर शेतात त्यांच्या बंगल्याचं काम चालू आहे. स्लॅब झाला, भिंती झाल्या आणि पहिला इंजिनियर भांडून निघून गेला. कशावरून, ते मी विचारलं नाही. माणसांच्या भानगडीत पडायचं नाही, इमारतीपुरतं बघायचं, हे माझं धोरण आहे आणि आजवर ते फळलं आहे.

त्यांना बैठकीचं काम करून पाहिजे. बैठक म्हणजे नुसता दिवाणखाना नव्हे. सकाळपासून गाव तिथं येऊन बसतं, कुणाची फेरफाराची अडचण तर कुणाचं भावकीचं भांडण. ग्रामपंचायतीच्या कार्यालयाचं छत पडायला आल्यामुळे ते बंद आहे, तेव्हा ग्रामसभाही मोहनरावांकडेच भरते. सरपंच त्यांच्या पत्नी आहेत, सत्यशीला वहिनी. जागा महिलेसाठी राखीव निघाली होती.

"आमच्या आईच्या टायमाला बैठकीत चिक व्हता," मोहनराव म्हणाले. "बांबूच्या काड्यांचा. बाया पलीकडं बसायच्या. त्यास्नी समदं दिसायचं, इकडून कोनाला काई दिसायचं न्हाई. तसंच पाहिजे, पर मॉडर्न. पडदा नको. पडदा लावला की लोक म्हनत्यात, सरपंच बाईला कोंडून ठिवलं."

ग्रामसभेच्या वेळीही वहिनी पलीकडेच बसणार का, असं मी विचारलं. किती माणसं बसणार त्यावर खोलीचं माप ठरतं.

"मंग कुठं बसनार?" ते म्हणाले.

मी बारा बाय अठरा लिहून घेतलं.

१२ जून

आमच्या पाटीवर 'उत्तरेश्वर अँड असोसिएट्स' असं आहे. उत्तरेश्वर मी. असोसिएट्स म्हणजे करिष्मा, माझी बायको. आम्ही कॉलेजात एकाच वर्गात होतो. ती मागच्या खोलीत बसते, कारण पुढच्या खोलीत गिऱ्हाईक तंबाखू मळत बसलेलं असतं आणि तिथं कॉम्प्युटरला धूळ लागते. मधे प्लायवूडची भिंत आहे.

तिला म्हटलं, चिकाच्या जागी स्टीलची विणलेली जाळी लावायची असं सुचलंय. ती म्हणाली, "मागच्या वर्षी पुण्याच्या प्रदर्शनातून पुस्तिका आणली होती ना मी, त्यात दाखवली होती तुमाला." असेल. कल्पना कुणालाही सुचू शकते, ती वेळेवर आठवणं महत्त्वाचं.

ही जाळी म्हणजे खिडकीची डासांची जाळी नव्हे. कापडासारखा तिला ताणा असतो आणि बाणा असतो. ताणा म्हणजे स्टीलचे बारीक पिळाचे दोर, वरून खाली सोडलेले. बाणा म्हणजे त्यांत आडव्या विणलेल्या सळया. बाजेची सुतळी पायथ्याला ओढून कसतात तशी ही खालून कसायची, की भिंतीसारखी ताठ उभी राहते. वारा येतो, आवाज येतो, उजेड अर्धा येतो आणि अर्धा अडतो. मोठ्या शहरांत विमानतळांना लावतात. आपल्या जिल्ह्यात कुणी लावल्याचं माझ्या ऐकिवात नाही. हे काम माझ्या हातून होणार याचा मला मनातून फार आनंद झाला आहे. फोटो नीट आले तर एखाद्या मासिकाकडे पाठवीन.

करिष्मा म्हणाली, "म्हणजे बाईला लपवायला विमानतळाचं सामान."

ती कधी कधी असं बोलते.

२६ जून

चिंचदऱ्याला गेलो. बंगल्यात घरची मंडळी राहायला आलीसुद्धा, काम अंगावर घेऊनच. मोहनरावांनी नमुन्याचा तुकडा हातात घेऊन उलटा-सुलटा केला. "आर्किटेक्ट साहेब, हे तर कोंबड्याच्या खुराड्याचं दिसतंय. बैठकीत अंडी घालायची का आमी?" सगळे हसले. मीही हसलो, पण मला राग आला होता.

समजावून सांगायला मी वहिनींकडून रव्याची चाळणी मागवली. स्वयंपाकघरात अंधार होता आणि अंगणात ऊन. दारात चाळणी धरून म्हटलं, आतून बघा. अंगणातली गाय, बाज, सगळं दिसलं. मग अंगणात जाऊन बघायला सांगितलं. बाहेरून नुसती चाळणी चकाकली, आतलं काही नाही. मोहनरावांना पटलं, ते फोन घ्यायला निघून गेले.

वहिनी मात्र चाळणी धरून उभ्याच राहिल्या. पन्नाशीच्या आतबाहेरच्या असतील. डोक्यावरचा पदर ढळत नाही, बोलणं कमी.

"म्हंजी जिकडं उजीड, तिकडचं मानूस दिसतंय," त्या म्हणाल्या.

"बरोबर. बैठकीला उत्तरेच्या मोठ्या खिडक्या आहेत. तुमच्याकडे खिडकी नाही. म्हणून तुम्ही दिसणार नाही."

"अन् उजीड उलटा झाला तर?"

"तर उलटं होईल. पण तसं होत नाही."

मोहनरावांच्या आई, बायनाबाई, कोपऱ्यात पान लावत बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढं असाव्यात. त्या म्हणाल्या, "चिकाचं बी तसंच व्हतं. सांजच्याला दिवा लावला की आमच्या सासूबाई वरडायच्या, दिवा खाली घ्या, दिसायलाव."

वहिनींनी चाळणी आत नेऊन ठेवली. शास्त्रात त्यांना फारसा रस नसावा, कारण परत आल्या त्या लगेच दिव्याचं बोलायला लागल्या. आतल्या खोलीला दिवा कुठं, किती मोठा, बटन कुणाच्या हाताला.

१० जुलै

वहिनींचा फोन. "आमाला काय अंधारात बशिवता का, भाऊ? गहू निवडायचं असतंय, आईला पान लावायचं असतंय. दिवा चांगला पाहिजे. अन् लाईट गेली तरी ऱ्हायला पाहिजे." रास्त मागणी. विजेचे नकाशे करिष्मा काढते म्हणून तिला फोन दिला. बायकांच्या गप्पा लांबतात. मी जेवून आलो तरी चालूच होत्या.

२२ जुलै

करिष्माने विजेचा नकाशा सहीला ठेवला. माझ्या डोक्यात एका शाळेच्या कंपाऊंडचं दुसरं काम होतं. "वाचून सही करा," ती म्हणाली. मी म्हटलं, तुझ्यावर माझा विश्वास आहे, आणि सही केली. नवऱ्यानं असं म्हटलं की बायकांना बरं वाटतं, पण हिनं लगेच नकाशा गुंडाळून आत नेला.

जाळीचा ताण किती बसेल, खालच्या तुळईला ओढ किती लागेल, तेही तिनंच काढलंय. आकडे बरोबर वाटतात.

५ ऑगस्ट

पुण्याहून जाळी आली. लाकडी पेटीत गुंडाळी करून, माणसाहून उंच. बंगल्यावर ठेवायला कोरडी जागा नाही. मोहनरावांनी शाळेशेजारच्या खोलीची किल्ली दिली. मोठी खोली आहे, फरशी, दोन पंखे, मागं न्हाणीघरं. तिच्यात त्यांचे ठिबकचे पाइप, सिमेंट आणि कसले कसले झेंडे भरलेले आहेत. पेटी मधोमध बसली. बरं झालं.

पेटी उतरवायला बंगल्याच्या कामावरच्या बायका बोलावल्या होत्या. त्यातली दगडाबाई दाराशी उभी राहिली. काटक बाई. कामाच्या वेळी कधी बोलत नाही, आज बोलली.

"ही खोली पोरायची हाय, साहेब."

मी म्हटलं, कुठल्या पोरांची?

मग तिनं सांगितलं. दिवाळी झाली की गावातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात, कोल्हापूरकडं, कर्नाटकात. पोरंही बरोबर जातात, कारण मागं ठेवणार कुणाकडं? तेवढे महिने पोरांनी इथंच राहून शाळा शिकावी म्हणून ही खोली बांधली होती. वसतिगृह चालवायला ग्रामसभेचा ठराव लागतो. तो दोन वर्षं झाला नाही, आणि खोलीत पाइप आले.

"माझी पोरगी सातवीत हाय. मागल्या साली उसात नेलती. कोयता पोटरीला लागला तिच्या. आल्यावर वाचायला दिलं तर अक्षरं बगून रडायली." दगडाबाई पेटीकडं बघत होती, माझ्याकडं नाही. "औंदा न्हाई नेनार म्हनलं तिला. सरपंच बाईनं बी शब्द दिलाय. पर त्या बाईचं चालतंय कुठं?"

यात माझा काही संबंध नाही. पेटीला वाळवी लागणार नाही ना, एवढं पाहिलं, खाली विटा घातल्या आणि किल्ली परत केली.

१८ ऑगस्ट

वहिनींचा फोन: जाळी कधी बसणार? खोली कधी मोकळी होणार? तुळईचं काँक्रीट मुरू द्यावं लागतं, असं सांगितलं.

२४ ऑगस्ट

पुन्हा वहिनींचा फोन. जाळी दसऱ्याच्या आत बसली पाहिजे. बाईंना पडद्याची भारी घाई झालेली दिसते. आजच्या काळातही असं असतं हे मला माहीत नव्हतं. करिष्माला सांगितलं तर तिला ठसका लागला.

९ सप्टेंबर

जाळी चढवली. उसाच्या ट्रॅक्टरची ट्रॉली बैठकीच्या दाराला लावून, वरून दोर टाकून गुंडाळी उलगडली. दगडाबाई आणि तिच्या जोडीदारणी दोर ओढत होत्या आणि कुठलंसं भलरीसारखं गाणं म्हणत होत्या. जाळी सरसर उलगडत खाली आली तेव्हा अंगावर काटा आला. स्टील असलं तरी ते लुगड्यासारखं लहरत होतं.

त्यानंतर घोटाळा झाला. धोंडीराम वेल्डर केजचाच, चांगला माणूस, पण त्याच्या हातात वेल्डिंगचं मशीन आलं की त्याला हलणारी वस्तू सहन होत नाही. खालचे कसायचे बोल्ट हलताना दिसले, म्हणून मी जेवायला गेलो तेवढ्यात त्यानं ते पट्टीला डाग देऊन पक्के केले.

"हालत व्हते, साहेब."

"ते हलायलाच पाहिजेत! उन्हानं जाळी ढिली पडते, मग कसायची असते!"

"तुमी सांगितलं न्हाई. खाटेगत म्हनला व्हता. खाटेला कुठं बोल्ट असत्यात?"

जाळी मधोमध पोटासारखी पुढं आली होती. बायनाबाई म्हणाल्या, "गरवार दिसायली." मी घरी येऊन न जेवता झोपलो.

१३ सप्टेंबर

बोल्ट कापून नवे बसवले. करिष्मा बरोबर आली होती. ती जमिनीवर बसून एकेक बोल्ट बोटानं दाबून बघत होती आणि धोंडीरामला "अजून अर्धा आटा, बस" असं सांगत होती. संध्याकाळपर्यंत जाळी सरळ झाली. बोटानं टिचकी मारली की तारेसारखी वाजते. इतकी सुंदर वस्तू मी आजवर उभी केलेली नाही.

करिष्मा नंतर वहिनींबरोबर आतल्या खोलीत गेली. मी बैठकीतून जाळीकडं बघत होतो. दोघी पलीकडं बोलत असाव्यात. हसण्याचा आवाज आला, पण मला फक्त चकाकणारं स्टील दिसत होतं. जाळी उत्तम काम करते आहे.

१६ सप्टेंबर

मोहनराव प्रचंड खूश. सकाळच्या बैठकीत बसून त्यांनी चार वेळा "सत्यशीला, हायस का?" असं विचारलं, आणि पलीकडून "हाय" आलं की लोकांकडं बघून हसले. "बगा, हाय अन् न्हाई बी!"

रिकामी पेटी शाळेच्या खोलीतून हलवली. पाइप आणि झेंडे मात्र तिथंच आहेत.

दुपारी गेलो तर जाळीच्या आतल्या अंगाला तीन लुगडी आणि एक गोधडी वाळत घातलेली. ओलं कापड स्टीलला डाग पाडतं, हे सांगितलं. बायनाबाई म्हणाल्या, "मंग येवढी मोठी दोरी कावून बांदली?"

२५ सप्टेंबर

ग्रामसभा दोन ऑक्टोबरला. दरवर्षी सकाळी असते, यंदा वहिनींनी संध्याकाळी ठेवली. सोयाबीनची काढणी चालू आहे, दिवसा कुणी येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मोहनरावांनी मान्य केलं. "येळ बाईनं ठरिवली, ठरिवू दे. तेवढं तरी सरपंचानं ठरवावं की." बैठकीत हशा.

मला पाहुणा म्हणून बोलावलंय. कॅमेरा नेणार आहे. संध्याकाळच्या उजेडात जाळीवर सोनेरी झाक येते.

रात्री जेवताना करिष्मानं विचारलं, चिंचदऱ्याच्या त्या भागात लाईट किती वाजता जाते? मी म्हटलं, सातला, अगदी नेमानं. तासाभरानं येते. गाव त्यावर घड्याळ लावतं. तिनं मान हलवली आणि पोळी वाढली.

२ ऑक्टोबर

जसं झालं तसं लिहितो.

सहाच्या सुमारास बैठक भरायला लागली. जाजम अंथरलं होतं. पुढं मोहनराव, त्यांच्या बाजूला ग्रामसेवक. शेतातून आलेली माणसं घाम पुसत बसत होती. ऊसतोडीला जाणारी मंडळी नेहमीप्रमाणे दाराकडं, पायरीवर. बैठकीचे सगळे दिवे लख्ख लागले होते. जाळी झळाळत होती. मी चार-पाच फोटो काढले. सोनेरी झाक मनासारखी आली.

बायकांचं येणं मागच्या दारानं होतं. आत किती बायका आल्या ते दिसत नव्हतं, पण बांगड्यांच्या आवाजावरून पुष्कळ असाव्यात. खोली मी बारा बाय अठराची केली ते बरं झालं, असं वाटलं.

मोहनरावांनी सभा सुरू केली. पाण्याची टाकी, रस्त्याचा मुरूम. मग जाळीपलीकडून वहिनींचा आवाज आला, "शाळेच्या खोलीचा इषय हाय."

"तो पुढच्या टायमाला घिऊ," मोहनराव म्हणाले. "ग्रामसेवक, लिहा, विषय पुढच्या सभेत." ग्रामसेवकानं पेन उचललं.

तेवढ्यात लाईट गेली.

नेहमीचंच. लोक म्हणाले, "आली यळ." मोहनराव म्हणाले, "बसा बसा, आजच इन्व्हर्टर बशिवलाय." बैठकीतले दिवे लागायला हवे होते. लागले नाहीत. थोड्या वेळानं, म्हणजे इन्व्हर्टरला लागतो त्याहून जरा जास्तच वेळानं, आतल्या खोलीतला दिवा लागला.

आणि जाळी नाहीशी झाली.

हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरी माझ्या तोंडून आवाज निघाला. समोर भिंतच उरली नव्हती. उजेडानं भरलेली खोली होती, आणि तिच्यात गच्च बायका. मधे एका साध्या खुर्चीवर सत्यशीला वहिनी, समोर टेबल. त्यांच्या शेजारी जमिनीवर नव्हे, बाकावर, दगडाबाई, आणि तिच्या मांडीला टेकून तिची मुलगी. मागं गावातल्या, वस्तीवरच्या, तोडीला जाणाऱ्या सगळ्या. आणि खुर्चीला लागून बायनाबाई, पानाचं तबक घेऊन.

अंधारात एक जण म्हणाला, "आयला, सरपंच." दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. ज्या बाईचं नाव गावातल्या प्रत्येक दाखल्याखाली असतं, तिला बऱ्याच जणांनी त्या खुर्चीत पहिल्यांदा बघितलं असावं.

"जनरेटर लावा रे!" मोहनराव ओरडले. एक जण उठला.

"बस खाली," बायनाबाई म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण तो बसला. "मोहन, ऱ्हाऊ दे आता. पन्नास वर्सं चिकामागून मीच बगत आले तुमाला. तुज्या बापाला, तुला, समद्या गावाला. आज तुमी बगा."

वहिनी बोलायला लागल्या.

"मला आता तुमी कोनी दिसत न्हाई. नुसता अंदार दिसतो. पन मी तुमाला दिसते, ते मला ठाव हाय. शाळेशेजारची खोली पोरायची हाय. तिच्यात पाइप हायत, ते माझ्याच घरचे हायत, ते मी उद्या काडते. दिवाळीनंतर ज्यांची पोरं उसात जात्यात, त्यांची पोरं त्या खोलीत ऱ्हातील अन् शिकतील. हात वर करा म्हनलं असतं, पन अंदारात कोनी हात केला ते मला कळायचं न्हाई. म्हनून ज्याला हा ठराव पाहिजे, त्यानं आपल्या मोबाइलची बॅटरी लावावी."

मग दाराकडं, पायरीवर, एक बॅटरी लागली. मग तिच्या शेजारी दुसरी. मग पायरीवर सगळीकडं. मग मधे, जाजमावर, एक म्हातारा आपला बटनाचा फोन दाबत बसला होता, त्याला शेजारच्यानं लावून दिला.

मी वास्तुविशारद आहे, म्हणून मी जाळीकडं बघत होतो. बैठकीत जसजसा उजेड वाढत गेला, तसतशी जाळी पुन्हा थोडी थोडी दिसायला लागली, पण पलीकडचंही दिसतच राहिलं. अशी एक स्थिती येते की दोन्ही बाजूंचा उजेड सारखा होतो आणि मग इकडचेही दिसतात, तिकडचेही दिसतात. ती मी कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. वहिनींनी मान वर केली आणि त्या लोकांकडं बघायला लागल्या, एकेकाकडं. म्हणजे त्यांनाही आता सगळे दिसत होते.

मोहनराव सगळ्यांच्या पुढं बसले होते. आजूबाजूच्या उजेडात त्यांचा चेहरा स्वच्छ दिसत होता. फोन त्यांच्या मांडीवर पालथा होता. त्यांनी तो बराच वेळ तसाच ठेवला. मग उचलला, चष्मा वर केला, बटन शोधलं आणि लावला.

"लिहा," ते ग्रामसेवकाला म्हणाले. "काय बगता? सरपंचानं मांडलंय, लिहा."

लाईट आल्यावर चहा झाला. मोहनराव कप घेऊन माझ्याजवळ आले. "तुमी तर म्हनला व्हता, दिसत न्हाई."

"दिवसा," मी म्हटलं.

"ते आदी सांगायचं व्हतं की." ते हसले नाहीत, पण चिडलेही नाहीत. चहाची किटली त्यांनी स्वतःच उचलली आणि पायरीवरच्या लोकांना वाढत गेले. हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

३ ऑक्टोबर

इन्व्हर्टर बैठकीला का लागला नाही, हे रात्रभर डोक्यात. सकाळी विजेचा नकाशा काढून बघितला. बैठकीचे सगळे दिवे थेट लाईनवर, आणि इन्व्हर्टर फक्त आतल्या खोलीवर. खाली माझी सही.

म्हणजे चूक नकाशात होती आणि माझ्या सहीनं ती पास झाली. करिष्माला दाखवलं. तिनं नकाशा हातात घेऊन नीट बघितला.

"नजरचूक झाली," ती म्हणाली.

मी म्हटलं, एवढी मोठी? ती म्हणाली, होतात कधी कधी. तिला बोलून उपयोग नव्हता. नशीब मोहनरावांनी तक्रार केली नाही.

सहाला सभा, सातला लाईट जाणं, आणि बैठकीला इन्व्हर्टर नसणं, हे तिन्ही एकत्र यावेत, हा योगायोगच म्हणायचा.

५ ऑक्टोबर

सभेचे फोटो कॉम्प्युटरवर बघितले. लाईट असतानाचे चांगले आहेत. लाईट गेल्यानंतरचा एकच आहे, घाईत काढलेला. त्यात जाळी अजिबात दिसत नाही, नुसत्या बायका दिसतात. मासिकाला काही उपयोग नाही. पुसणार होतो, तर करिष्मानं मोठा करून छापून मागितला.

२८ ऑक्टोबर

दिवाळी उरकून चिंचदऱ्याला गेलो, जाळी परत कसायला. वाटेत तोडीला निघालेल्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. ट्रॉल्यांवर भांडी, शेळ्या, कोंबड्या, बाया. पोरं नेहमीपेक्षा कमी दिसली. दगडाबाई एका ट्रॉलीत कोयते बांधत होती. मला बघून तिनं हात केला. एकटीच होती.

शाळेशेजारच्या खोलीवरून गाडी नेली. दारात चपलांचा ढीग. आत पाढे चालले होते.

बंगल्यावर सकाळची बैठक भरलेली. वहिनींची खुर्ची अजून जाळीच्या पलीकडंच आहे, पण आतला दिवा दिवसाही चालू असतो. वीज उगाच वाया जाते, असं मी मोहनरावांना म्हटलं. ते म्हणाले, "जाऊ द्या. लोक बोलताना तिकडं बगून बोलत्यात. मलाच आता मान वळवावी लागती." बायनाबाई मात्र इकडं, बैठकीत, जाजमावर पान लावत बसल्या होत्या. तिकडं आता गर्दी होते, असं त्या म्हणाल्या.

जाळी एका बोटानंही ढळलेली नव्हती. तरी सगळे बोल्ट बघितले.

३० ऑक्टोबर

जाळीचा उरलेला तुकडा ऑफिसात नमुना म्हणून ठेवला होता. आज बाहेरून आलो तर मधली प्लायवूडची भिंत काढून धोंडीराम तिथं तो तुकडा बसवत होता. करिष्मानं बोलावलं होतं. बोल्ट त्यानं या वेळी मोकळे ठेवले. आतल्या टेबलावर नवा दिवा, आणि त्याच्यामागं भिंतीवर सभेचा तो फोटो.

"एवढ्या उजेडाची काय गरज?" मी विचारलं.

"तुमीच वहिनींना सांगितलं होतं ना, जिकडं उजेड तिकडचं माणूस दिसतं," ती म्हणाली आणि दिवा लावला.

मी पुढच्या खोलीत माझ्या खुर्चीवर बसलो. समोर ती काम करताना दिसत होती. ती कपाळाला आठ्या घालून काम करते, पेन्सिल दातांत धरते आणि आकडे पुटपुटते. लग्नाला नऊ वर्षं झाली, तरी ती असं काम करते हे मला माहीत नव्हतं. कॉलेजातही ती असंच करायची, ते आठवलं.

दुपारी घाटनांदूरहून सुंदरराव म्हणून एक गृहस्थ मंगल कार्यालयाच्या कामासाठी आले. बोलता बोलता त्यांची नजर आत गेली. "ह्या कोन?"

मी तोंड उघडलं. 'आमच्या मिसेस' हे नेहमीचं उत्तर तयार होतं. ते आलं नाही. "आर्किटेक्ट," मी म्हटलं. "चिंचदऱ्याची जाळी त्यांची."

आतली पेन्सिल थांबली. नंतर पुन्हा चालायला लागली.

सुंदरराव गेल्यावर टेप घेऊन जिना उतरलो आणि स्टुलावर चढून पाटीचं माप घेतलं. दुसरं नाव घालायचं तर नवी पाटी करावी लागेल असं वाटलं होतं. तशी गरज नाही. 'असोसिएट्स' पुसलं की त्या जागेत 'करिष्मा' बसतं, शिवाय जागा उरते.